रिझर्व्ह पॅराशूट: समुद्राचं पाणी, बॅटरीचं ॲसिड आणि धुण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गोव्यात हरमलला कड्यावर पॅराग्लायडरने सोअरिंग करत होता, म्हणजे कड्यावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत होता, वारा पडला, विंगसकट, म्हणजे ग्लायडरच्या कापडी पंखासकट, लाटांमध्ये उतरावं लागलं आणि सीटखालचं रिझर्व्ह, म्हणजे संकटात फेकायचं राखीव पॅराशूट, पूर्ण भिजलं. घरी आल्यावर गोड्या पाण्यातून काढलं नाही, गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवलं, पुन्हा पॅक केलं आणि मग हार्नेस (पायलटची पट्ट्यांची सीट) काही महिने जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागून पडून होता. आता उघडून बघताय तर पांढऱ्या कापडावर पिवळट डाग आहेत. तुम्ही विचारताय की मशीनमध्ये डिटर्जंट आणि थोडं ब्लीच टाकून धुतलं तर चालेल का, आणि कापडाची ताकद किती टक्के कमी झाली असेल.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच त्याच्या जवळपासही नेऊ नका, आणि हे रिझर्व्ह घेऊन आता उडू नका. टक्के मी सांगू शकत नाही, फोटो बघून कोणीही सांगू शकत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

मी पॅराग्लायडिंगची रिझर्व्ह पॅक करतो आणि विंगची तपासणी करतो, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे दर सीझनला येतात आणि जवळजवळ प्रत्येक जण डागापासून सुरुवात करतो. तुमचा खरा प्रश्न डागाचा नाहीये. तुमच्या कापडावर तीन वेगळ्या गोष्टी झाल्यात: मीठ, ऊन आणि कदाचित ॲसिड. यातलं मीठ धुऊन काढता येतं. उन्हाचं नुकसान धुतलं जात नाही. आणि ॲसिड धुऊन निघालं तरी त्याने तोडलेलं परत जुळत नाही. त्यामुळे ‘कसं धुवायचं’ हे ठरवायच्या आधी ‘काय लागलंय’ हे ठरवावं लागतं, आणि बऱ्याचदा ते ठरलं की धुण्याचा प्रश्नच उरत नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगतो. कापड कोणतं, कोटिंग आहे का, रिझर्व्ह किती वर्षांचं, पाण्यात किती वेळ होतं, बॅटरी पाणी भरायची आहे की सील्ड, हार्नेस पिशवीत होता की उघडा. यातल्या अर्ध्या गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून खाली जे सांगतोय त्यामागचं कारण समजून घ्या, मग तुमच्या परिस्थितीला ते तुम्हीच लावू शकाल.

बहुतेक रिझर्व्ह रिपस्टॉप नायलॉनची असतात, म्हणजे चीर पुढे जाऊ नये म्हणून मध्येमध्ये जाड धागा विणलेल्या नायलॉनची. या कापडाचं एक जुनं अमेरिकी लष्करी स्पेसिफिकेशन आहे, मिल-सी-७०२०, त्यातलं टाइप १ घेतलं तर वजन चौरस यार्डाला १.१ औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३७ ग्रॅम, आणि एक इंच रुंद पट्टी तोडायला किमान ४२ पौंड, म्हणजे १९ किलो भार लागला पाहिजे. इतकं हलकं कापड इतका भार घेतं कारण नायलॉनची साखळी लांब असते आणि धाग्याच्या दिशेने ताणून बसवलेली असते. असा धागा साधारण ३० डेनियरचा, म्हणजे ९ किलोमीटर धाग्याचं वजन ३० ग्रॅम, आणि त्या एका धाग्यातही अनेक तंतू. एकेक तंतू आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका बारीक. त्यामुळे जे काही लागतं ते या तंतूंना चारी बाजूंनी लागतं, आत शिरायला त्याला फार अंतर कापावं लागत नाही. जाड दोरावर जो थेंब वरवर राहील तो इथे आरपार जातो.

आणि ‘ताकद’ म्हणजे एकच गोष्ट नव्हे. ताणून तुटायची ताकद एक, फाटलेलं पुढे फाटू न द्यायची ताकद दुसरी, आणि हवा किती आरपार जाते ती तिसरी. तिसरी ताकदीत मोजत नाहीत पण रिझर्व्हसाठी ती तेवढीच महत्त्वाची, कारण हवा जास्त सुटली की पॅराशूट उशिरा उघडतं आणि खाली जास्त वेगाने येतं. पॅराग्लायडिंगच्या रिझर्व्हचं जे ईएन १२४९१ स्टँडर्ड आहे त्यात खाली यायचा वेग सेकंदाला ५.५ मीटरपर्यंतच चालतो. बरीच रिझर्व्ह, विशेषतः वजनाच्या वरच्या टोकाला उडणाऱ्यांची, त्या मर्यादेच्या अगदी जवळ असतात, म्हणजे हातात फार मोकळीक नसते. म्हणून एखादी गोष्ट ताणाची ताकद राखते पण हवा जाऊ देते, असंही होऊ शकतं, आणि धुण्याने नेमकं तेच होतं. त्यावर खाली येतो.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते नायलॉनला रासायनिकरीत्या फारसं खात नाही, लोकांना वाटतं तसं कापड ‘सडत’ नाही. नुकसान होतं ते पाणी उडून गेल्यावर. शिवणीत, टेपच्या घडीत, लायन (दोरी) जिथे कापडाला शिवली आहे तिथे मिठाचे कण तयार होतात, त्यांना धारदार कडा असतात, आणि कापड वाकलं की ते तंतूंमध्ये घासत राहतात. न खळबळता पॅक केलेलं समुद्रातलं रिझर्व्ह मी उघडलंय, भिंगाखाली शिवणीच्या टाक्यांमध्ये पांढरे कण स्पष्ट दिसत होते, खालच्या कडेची टेप कडक झाली होती, आणि घड्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की सोडवताना चर्र असा आवाज येत होता. आता विचार करा, त्या घड्या हवेत, फेकल्यावर, आपोआप सुटायला हव्या होत्या. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे असं कापड कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कधी पूर्ण वाळतच नाही.

अमेरिकी लष्कराच्या पॅराशूट मॅन्युअलमधला नियम या बाबतीत स्पष्ट आहे आणि मी तोच पाळतो: खाऱ्या पाण्यात २४ तासांपेक्षा जास्त राहिलेलं पॅराशूट बाद. त्याआधी बाहेर काढलं असेल तर ठरलेल्या मुदतीच्या आत गोड्या पाण्यात खळबळायचं, नाही जमलं तर तेही बाद. पद्धतही दिलेली आहे. पॅराशूट बुडेल एवढं स्वच्छ पाणी मोठ्या भांड्यात घ्यायचं, हाताने पाच मिनिटं हलवायचं, बाहेर काढून पाच मिनिटं टांगून निथळू द्यायचं, आणि हे सगळं नव्या पाण्यात आणखी दोनदा. पिळायचं नाही. साबणाचा उल्लेखही नाही. पाणी बोअरवेलचं जड असेल तर शेवटचं खळबळणं तरी मऊ पाण्यात करा, नाहीतर एक क्षार काढून दुसरा भरल्यासारखं होतं.

तुमची ती मुदत केव्हाच उलटून गेलीय. पॅराग्लायडिंगची रिझर्व्ह बनवणारे लष्कराएवढे कडक असतीलच असं नाही, त्यांच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते तुमच्या मॉडेलचं बघा, पण ‘मग आता धुतो’ हे उशिराचं धुणं झालं, तेवढं लक्षात ठेवा.

विंगबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतोच. समुद्रात उतरलेल्या विंगचं सगळ्यात जास्त नुकसान मीठ करत नाही, आपण करतो, ओढताना. विंगच्या सेलमध्ये, म्हणजे कापडी कप्प्यांमध्ये, पाणी भरलेलं असतं, एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि किनाऱ्यावरचे चार जण मदतीला धावून येतात आणि लीडिंग एजला, म्हणजे पुढच्या कडेला, धरून ओढतात. आतल्या रिब्स, डायगोनल्स (कप्प्यांमधले कापडी पडदे) आणि लायनींची जोडणी तिथे ताणली जाते. मागच्या कडेकडून हळू उचलायची आणि पाणी सेलच्या तोंडांतून बाहेर जाऊ द्यायचं. आणि नंतर लायनींची लांबी मोजल्याशिवाय उडायचं नाही, कारण डायनीमा या कृत्रिम धाग्याची लायन भिजून वाळल्यावर आखूड होते आणि सगळ्या लायनी सारख्या आखूड होत नाहीत.

ऊन. दोन दिवस गच्चीवर म्हणजे संपलं असं मी म्हणणार नाही, पण ते फुकट गेलेलं नाही. अल्ट्राव्हायोलेटने नायलॉनची साखळी तुटते, ते नुकसान साठत जातं आणि दिसत नाही. विंगच्या बाबतीत ते आपण गृहीत धरतो, तिचे उडण्याचे तास मोजतो. रिझर्व्ह मात्र आयुष्यभर अंधारात राहील असं धरून बनवलेलं असतं आणि पॅक केलेल्या रिझर्व्हचं १०-१२ वर्षांचं आयुष्य जे सांगतात ते त्या हिशोबाने. वाळवायचं तर घरात, सावलीत, पंखा लावून, टांगून, आणि दोन दिवस जास्त लागले तर लागू देत. ओलं असताना नायलॉनची ताकद साधारण १०-१५ टक्के कमी असते, वाळलं की ती परत येते, त्यामुळे ओलं असताना ताणू नका आणि अर्धवट वाळलेलं पॅक करू नका. हेअर ड्रायर, इस्त्री, हीटर काहीही नको.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे येतो.

लेड-ॲसिड बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असतं, पूर्ण चार्ज असताना वजनाने साधारण एक तृतीयांश ॲसिड आणि बाकी पाणी. नायलॉनची साखळी अमाइड बंधांनी जोडलेली असते आणि ॲसिड असलं की पाणी तेच बंध तोडतं. अल्कलीला नायलॉन बऱ्यापैकी तोंड देतं, ॲसिडला नाही. तीव्र सल्फ्युरिकमध्ये तर ते चक्क विरघळतं. बॅटरीतलं एवढं तीव्र नसतं, म्हणून लोकांना वाटतं थेंबभर उडालं तर काय होतंय, पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या: सल्फ्युरिक ॲसिड उडून जात नाही, त्यातलं पाणी उडून जातं. म्हणजे थेंब वाळतोय असं आपल्याला वाटतं तेव्हा तो तीव्र होत असतो. आणि मग दमट दिवसात हवेतलं पाणी ओढून परत पसरतो. थेंब सांडायलाच हवा असंही नाही. पाणी भरायच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी गॅस सुटतो आणि त्याबरोबर ॲसिडचे सूक्ष्म तुषार बाहेर येतात, टर्मिनलवर जी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते ती त्याचीच खूण. बॅटरीच्या वरच्या बाजूला बोट फिरवलेला हात हार्नेसला लागला तरी पुरे.

असंच एक रिझर्व्ह माझ्या टेबलावर आलं होतं, फक्त रिपॅकसाठी, म्हणजे उघडून पुन्हा घडी घालायला. पायलटने बॅटरीचा उल्लेखही केला नव्हता, त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. कापड खिडकीसमोर धरलं तर उजेड सगळीकडे सारखा, छिद्र नाही, डाग नाही. एका पॅनेलवर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेची चमक तेवढी जराशी कमी वाटली. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलका ताण दिला आणि कापड आवाजही न करता फाटलं. रिपस्टॉपमध्ये दर काही मिलिमीटरला जो जाड धागा असतो तिथे चीर थांबायला हवी, ती थांबली नाही, सरळ पुढच्या चौकोनात गेली, म्हणजे जाड धागाही गेलेला होता. शेजारच्या पॅनेलवर तेवढाच ताण दिला, काही झालं नाही. मग मोजत गेलो तर ठरावीक अंतराने तशीच जागा पुन्हा, आणि पुन्हा. कारण पॅक केलेल्या रिझर्व्हमध्ये कापड थरावर थर असतं, वरून आलेला थेंब थरांमधून झिरपतो आणि उघडल्यावर तो एक डाग अनेक गोअरवर (पॅराशूटच्या पाकळ्यांवर) छापल्यासारखा दिसतो. तुमचे डाग कुठे आहेत ते या नजरेने बघा. घड्या परत घालून डाग एकमेकांवर येतायत का बघा. येत असतील तर ते पॅक केल्यानंतर बाहेरून आलेलं आहे, आणि पॅक केल्यानंतर शेजारी फक्त बॅटरी होती.

पॅराशूटच्या इतिहासात याचं एक मोठं उदाहरण आहे, रिगर (पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणाऱ्या) मंडळींमध्ये ते ॲसिड मेश, म्हणजे आम्लाची जाळी, म्हणून ओळखलं जातं. १९८० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत काही गोल रिझर्व्ह पॅराशूटमध्ये असं आढळलं की त्यांच्यात बसवलेली जाळी आम्लधर्मी झालेली आहे आणि पॅक केलेल्या अवस्थेत ती जाळी कॅनोपीच्या (पॅराशूटच्या छत्रीच्या) ज्या कापडाला टेकून राहते ते कापड कमकुवत होतंय, काही तर हातानेही फाटण्याइतकं. कोणी काही सांडलेलं नव्हतं, पॅराशूट वापरलेलीही नव्हती, दिसायला नवीकोरी. तपासणीसाठी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं इंडिकेटर वापरलं गेलं, ते पीएच ५.४ च्या वर निळं असतं आणि ३.८ च्या खाली पिवळं होतं (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त). जाळीवर लावलं आणि पिवळं झालं की संशय पक्का. मग कापड क्लॅम्पमध्ये धरून ४० पौंडांचा, म्हणजे सुमारे १८ किलोचा ताण देऊन बघायचं. जी पास झाली ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन न्यूट्रल केली, जी नापास झाली ती बाद. सोडा पुढचं नुकसान थांबवत होता, झालेलं भरून काढत नव्हता, म्हणून आधी ताण तपासणी होती. तुम्ही आता डाग धुऊन टाकलात तर पुढे तपासणाऱ्याला कुठे बघायचं तेही कळणार नाही. म्हणून पहिली विनंती हीच की डाग काढू नका, त्यांच्याभोवती पॅनेलवर पेन्सिलनेही खुणा करू नका, फक्त फोटो काढा आणि गोअरचे नंबर लिहून ठेवा.

आता दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला नुसतं घाबरवायचं नाहीये. पिवळा डाग म्हणजे ॲसिड असं अजिबात नाही. पांढरं नायलॉन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं की पिशवीतला अँटिऑक्सिडंट आणि हवेतले, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांच्यामुळे ते पिवळं पडतं. कापड उद्योगात ही नेहमीची तक्रार आहे आणि त्या पिवळेपणाने ताकदीवर काही परिणाम होत नाही. जुन्या रबरबँडचे डाग पडतात. हार्नेसच्या फोमचा रंग उतरतो. समुद्राच्या पाण्याने गंजलेल्या लोखंडी कडीचा तपकिरी-पिवळा डाग पडतो, आणि हा मात्र किरकोळ समजू नका, गंज नायलॉनला हळूहळू कमकुवत करतो, लष्करी नियमात ब्रशने न निघणारा गंज लागलेला भाग बदलायला सांगतात. म्हणजे एक डाग निरुपद्रवी, दुसरा घातक, आणि माझ्या टेबलावरच्या त्या रिझर्व्हला तर डागच नव्हता.

घरी एक साधी गोष्ट करता येईल. केमिस्टकडून किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून पीएच पेपर आणा, आणि डिस्टिल्ड वॉटर आणा, नळाचं नको कारण त्यातले क्षार थोडंसं ॲसिड झाकून टाकतात. डागावर डिस्टिल्डचा एक थेंब टाका, मिनिटभर मुरू द्या, पेपर टेकवा, आणि मग दूरच्या स्वच्छ पॅनेलवर तेच करा. डागाचं वाचन ४ किंवा त्याखाली आणि स्वच्छ कापडाचं ६-७ च्या आसपास आलं तर विषय संपला, रिझर्व्ह बाद. दोन्ही सारखी आली तर ‘आत्ता तिथे ॲसिड नाही’ एवढंच कळलं, ‘कधी नव्हतं’ हे कळलं नाही, आणि कापड धड आहे हे तर मुळीच नाही. त्यासाठी ताणाची तपासणी लागते, ठरावीक रुंदीचे क्लॅम्प आणि ठरावीक भार, आणि ती मॅन्युफॅक्चरर किंवा त्याने मान्यता दिलेल्या सर्व्हिस सेंटरनेच करावी. विंगवर आपण बेट्सोमीटर या कापडाची ताकद मोजायच्या उपकरणाची सुई टोचून बघतो तसं रिझर्व्हवर घरी करू नका. मी वर सांगितलं ते अंगठ्याने ताणून बघणंही करू नका, जास्त ताण दिलात तर चांगलं कापड तुम्हीच खराब कराल आणि कमी दिलात तर खोटी खात्री मिळेल.

धुण्याबद्दल. समजा ॲसिड नाहीच निघालं, फक्त मळ आहे, मग धुवायला काय हरकत? हरकत आहे. रिझर्व्हचं कापड विणल्यानंतर गरम रोलरखाली दाबून काढतात, त्याने तंतू चपटे होऊन मधली भोकं बुजतात, काही कापडांवर वर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचं कोटिंगही असतं. धुताना पाणी, साबण आणि घासणं मिळून ते दाबलेले तंतू परत फुगवतात, कोटिंग सोडवतात, आणि हवा जास्त जाऊ लागते. नुसत्या हाताळण्यानेही हे होतं. स्कायडायव्हिंगमधली परफॉर्मन्स डिझाइन्स ही कंपनी आपली रिझर्व्ह ४० वेळा पॅक झाल्यावर किंवा २५ वेळा उघडल्यावर तपासणीला परत मागवते, वापरलेलं नसलं तरी, कारण दर रिपॅकला कापड चुरगळतं आणि हवा थोडी जास्त सुटू लागते. जिथे फक्त घडी घालण्याने एवढा फरक पडतो तिथे वॉशिंग मशीनचा एक राउंड काय करेल ते सांगायला नको, आणि त्यात लायनींचा गुंता होऊन स्पिनमध्ये त्या कापडावर घासतात ते वेगळंच.

डिटर्जंट पावडर अल्कलाइन असते, नायलॉन ते सहन करतं पण कोटिंग करेलच असं नाही, आणि पावडरीत अनेकदा ऑक्सिजन ब्लीचही असतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते नायलॉनची साखळीच ऑक्सिडाइझ करतं, कापड कमजोर करतं आणि वर पिवळंही पाडतं. केवलार किंवा टेक्नोरासारख्या अरामिड लायनी असतील तर त्यांनाही क्लोरीन सोसत नाही. स्विमिंग पूलमध्ये रिझर्व्ह फेकायचा सराव करणाऱ्यांनी म्हणूनच नंतर लगेच साध्या पाण्यातून काढावं. ड्राय क्लीनिंगवाल्याकडेही देऊ नका.

माझा नियम असा आहे: रिझर्व्ह सुंदर दिसण्यासाठी कधीच धुवायचं नाही. जे कापडाला पुढे इजा करत राहील तेवढंच काढायचं, आणि तेही सगळ्यात सौम्य मार्गाने. वाळू असेल तर पाणी न लावता झटकायची आणि मऊ ब्रशने काढायची, ओली करून चोळलीत की ती कापडातच शिरते. चिखल पूर्ण वाळू द्यायचा, मग झटकायचा. पवनेच्या पाण्यात उतरलात तर ते गोडं पाणी आहे, गाळ नसेल तर नुसतं सावलीत वाळवलं की झालं. ग्रीस, डिझेल नायलॉनला फारसं तोडत नाही पण धूळ धरून ठेवतं आणि कोटिंग मऊ करू शकतं, तिथे न्यूट्रल लिक्विड सोप कोमट पाण्यात, स्पंजने टिपायचं, चोळायचं नाही, आणि पेट्रोल-थिनर लावून काढायचा प्रयत्न तर नकोच. कामशेतच्या गवतात विंग गुंडाळताना नाकतोडे आत अडकतात, ते कुरतडतात आणि मेल्यावर त्यांचा रस कापडाला लागतो, म्हणून घडी घालायच्या आधी सेल झटकायची सवय ठेवा. बुरशी नायलॉन खात नाही, ती कोटिंगवर आणि मळावर वाढते, पण वास आणि काळे ठिपके दिसले म्हणजे ते दमट पॅक झालं होतं हे नक्की, आणि मग बाकीचं सगळं तपासावं लागतं.

साठवण्याबद्दल एकच. डांबरगोळ्या टाकू नका. कसर लागायची भीती रेशमी पॅराशूटच्या काळातली, नायलॉनच्या पॅराशूटने पहिली मानवी उडी ॲडलाइन ग्रे यांनी ६ जून १९४२ ला हार्टफर्डला मारली आणि त्यानंतर रेशीम मागे पडत गेलं, नायलॉनला कसर लागत नाही. आपल्या घरांमध्ये धोका वेगळा आहे: इन्व्हर्टर, गाडीच्या डिकीत ठेवलेली सुटी बॅटरी, आणि बाथरूमचा माळा. टाइल्स आणि टॉयलेट साफ करायच्या बाटल्यांमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची वाफ होते, बाटली सांडायची गरजच नाही. हार्नेस तिथे ठेवणारे मी पाहिलेत. कपाटात, बेडरूममध्ये, श्वास घेणाऱ्या कापडी पिशवीत ठेवा.

तर तुमच्याबाबत क्रमाने: उडणं बंद, धुणं बंद, डागांचे फोटो, घड्या घालून डाग जुळतात का ते बघणं, पीएच पेपर. पेपर ॲसिड दाखवत असेल किंवा डाग थराथरांत जुळत असतील तर पुढे तपासणीवर पैसे घालवू नका, नवीन घ्या. पेपर न्यूट्रल, डाग न जुळणारे, रिझर्व्ह पाच वर्षांच्या आतलं असेल तर मॅन्युफॅक्चररला सगळं खरं सांगून, समुद्र, ऊन आणि बॅटरी तिन्ही, तपासणीला पाठवा आणि त्यांनी खळबळायला सांगितलं तरच खळबळा. आठ-नऊ वर्षांचं असेल तर मी स्वतः तपासणीलाही पाठवणार नाही, तेवढा खर्च आणि वाट बघणं उरलेल्या दोन-तीन वर्षांसाठी पटत नाही. बाद ठरवलं तर लायनी कापून टाका, नुसतं माळ्यावर ठेवू नका आणि ‘ग्राउंड हँडलिंगला (जमिनीवरच्या सरावाला) वापर’ म्हणून कोणाला देऊ नका, अशी रिझर्व्ह हातोहात फिरत दोन वर्षांनी सेकंडहँडच्या जाहिरातीत येतात आणि घेणाऱ्याला बॅटरीबद्दल काहीच माहीत नसतं.

आणि रिझर्व्हमध्ये अडकून हार्नेस विसरू नका. ॲसिड आलं असेल तर ते आधी हार्नेसच्या बाहेरच्या कापडातून आणि पट्ट्यांमधून आलंय. पट्टे पॉलिएस्टरचे असतील तर ॲसिड बरंच सोसतात, नायलॉनचे असतील तर नाही, लेबलवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते बघा. रिझर्व्हचा ब्रायडल, म्हणजे त्याला हार्नेसशी जोडणारा पट्टा, कंटेनरमधून खांद्यापर्यंत जातो, त्याची बॅटरीकडची बाजू कोणती होती ते आठवा आणि शिवणीचा प्रत्येक टाका बघा, मुख्य पट्टा पॉलिएस्टरचा असला तरी शिवायचा दोरा नायलॉनचा असू शकतो. कॅराबिनर आणि लोखंडी मायलॉनवर (जोडणीच्या कड्यांवर) समुद्राने गंज धरला असेल तर ते बदलाच. कोणतं मॉडेल आहे, कोणत्या वर्षीचं आहे आणि बॅटरी पाणी भरायची आहे की सील्ड एवढं इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.